कोठडीत मोठ्यानं वाचायचा कागद

गेल्या वेळी आपण कर्जाच्या जामीनदारावर बोललो, तेव्हा दोन गावांतून जवळजवळ एकच प्रश्न आला. बँकेच्या जामीनदाराचं कळलं, पण पोलिसांनी धरून नेलेल्या माणसाला जो जामीनदार लागतो तो कोण? आणि ज्याला कुणी जामीनदारच मिळत नाही, त्यानं आतच राहायचं का? प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तर मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासात पसरलेलं आहे, आणि त्यातली बरीच पानं आपल्या महाराष्ट्रातली आहेत. आज तेच सांगते.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. पक्का कैदी आणि कच्चा कैदी. ज्याच्यावरचा गुन्हा कोर्टात शाबित झाला आणि शिक्षा लागली, तो पक्का. ज्याचा खटला अजून चालू आहे, किंवा चालू व्हायचाच आहे, तो कच्चा. कायद्याच्या नजरेत कच्चा कैदी अजून गुन्हेगार नाही. तुमच्या-माझ्यासारखाच आहे, फक्त भिंतीच्या आत आहे. आपल्याला वाटतं, तुरुंगात सगळे शिक्षा भोगणारेच असतात. तसं नाही. २०२२ सालच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत तीन कच्चे कैदी होते. चारातले तिघे! हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ओळ चुकली असेल म्हणून परत वाचले.

हे कच्चे कैदी आत का राहतात? सगळेच काही मोठ्या गुन्ह्यातले नसतात. अनेकांना जामीन मंजूरही झालेला असतो. पण मंजूर होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. कोर्टानं सांगितलेल्या रकमेचा जामीनदार हवा, त्याच्याकडे ऐपतीचा दाखला हवा, सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती हवी, आणि तो माणूस कामाचा दिवस बुडवून कोर्टात यायला हवा. जिच्या नावावर ना घर ना गुंठाभर जमीन, तिच्यासाठी असा माणूस आणायचा कुठून?

आता १९७८ सालात जाऊ. मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी. वरच्या कोर्टानं त्याला जामीन दिला, पण खाली मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ सालचे दहा हजार, लक्षात घ्या. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता. तर म्हणे, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. प्रकरण परत सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ऑगस्ट १९७८ मध्ये निकाल दिला की, गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम मागणं म्हणजे जामीन नाकारणंच आहे, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही. त्या गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे दुसरा कुणी जामीनदार नाही, आपणच लिहून द्यायचं की मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढे पैसे भरीन. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्याच महिन्यात आणखी एक निकाल झाला, तो महाराष्ट्रातल्या एका कैद्याचा. त्याला मुंबईच्या उच्च न्यायालयानं १९७३ साली शिक्षा दिली. त्यावर अपील करायचं तर निकालाची नक्कल हवी. त्याचं म्हणणं, ती नक्कल माझ्या हातात आली १९७८ साली. तुरुंगाचं म्हणणं, आम्ही केव्हाच दिली. पण दिल्याची पोच? कैद्याची सही कुठंच नव्हती. तोवर त्याची शिक्षा भोगूनही झाली होती. तेव्हा न्यायालयानं सांगितलं की, निकालाची नक्कल कैद्याला मोफत आणि ताबडतोब द्यायची, आणि दिल्यावर त्याच्याकडून लेखी पोच घ्यायची. आपण गटाच्या वहीत पैसे देताना-घेताना सही-अंगठा घेतो ना, तसंच. पोच नसेल तर पैसे पोचले कशावरून?

आता बिहार. जानेवारी १९७९ मध्ये इंडियन एक्सप्रेस या इंग्रजी वर्तमानपत्रात रुस्तमजी या पोलीस आयोगाच्या सदस्यांनी बिहारच्या तुरुंगांवर लेख लिहिले. माणसं पाच-पाच, सात-सात, काही दहा वर्षांहून जास्त आत होती आणि त्यांचा खटला उभाच राहिला नव्हता. काहींवर असा गुन्हा होता की शाबित झाला असता तरी एवढी शिक्षा लागली नसती. दिल्लीत कपिला हिंगोरानी नावाच्या वकील बाईंनी ते लेख वाचले आणि या कैद्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या काळी नियम असा होता की ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं किंवा त्याच्या नातेवाइकानंच कोर्टात यायचं. हिंगोरानी बाई तर त्या कैद्यांच्या कुणीच लागत नव्हत्या. तरी न्यायालयानं अर्ज ऐकून घेतला. त्या अर्जातल्या हुसैनारा खातून या स्त्रीच्या नावानं तो खटला आजही ओळखला जातो. पुढं त्यातून सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले असं सांगितलं जातं. खटला लवकर चालणं हा माणसाचा हक्क आहे, आणि वकील ठेवायची ऐपत नसेल तर सरकारनं वकील द्यायचा, हे या खटल्यातून पक्कं झालं.

या खटल्यात एक गोष्ट अशी निघाली की ती ऐकून आमच्या गटाच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. बिहारच्या त्या तुरुंगांत अशाही स्त्रिया होत्या ज्यांच्यावर काही गुन्हाच नव्हता. त्या साक्षीदार होत्या, नाहीतर गुन्हा त्यांच्यावरच झालेला होता. त्यांना ‘संरक्षण’ म्हणून तुरुंगात ठेवलेलं. ज्यानं अत्याचार केला तो बाहेर, आणि जिच्यावर झाला ती संरक्षणाच्या नावाखाली आत! न्यायालयानं सांगितलं, यांना तुरुंगातून हलवा आणि स्त्रियांसाठीच्या निवारागृहात ठेवा.

मी हे मुद्दाम सांगते, कारण कैद्यांच्या हक्कांचा विषय काढला की एक ताई हमखास विचारते, "ज्यानं आमच्या पोरीला त्रास दिला त्यालाही फुकट वकील द्यायचा का? त्याची कसली बाजू घेता?" तिचा राग खरा आहे. पण तुरुंगाचं दार बंद झालं म्हणजे आत फक्त ‘तो’च असतो असं नाही. तिथं ‘ती’ही असते. आणि ज्याला वकीलच मिळाला नाही त्याला दिलेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकत नाही, खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागतो. मग त्या पोरीला पुन्हा उभं राहून तेच सगळं सांगावं लागतं.

आता मुंबई.

१९८२ सालचा मे महिना. शीला बारसे नावाच्या पत्रकार होत्या. तुरुंगातल्या स्त्रियांवर त्यांना लिहायचं होतं. तुरुंगांच्या महानिरीक्षकांची त्यांनी रीतसर परवानगी घेतली, आणि ११ ते १७ मे या दिवसांत मुंबईच्या सेंट्रल जेलमध्ये, म्हणजे आपण ज्याला आर्थर रोड म्हणतो तिथं, जाऊन पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्या पंधरापैकी पाचजणींनी सांगितलं की तुरुंगात यायच्या आधी, पोलीस कोठडीत, आम्हाला मारहाण झाली. त्यातल्या दोघींनी तर फारच छळ सोसला होता. इथं कोठडी आणि तुरुंग यातला फरक सांगायला हवा. अटक झाल्यावर पोलीस ठाण्यात ठेवतात ती कोठडी. कोर्टानं पाठवल्यावर जिथं जातो तो तुरुंग. मारहाणीचा धोका जास्त असतो तो पहिल्या काही दिवसांत, कोठडीत, कारण तिथं ना नातेवाईक असतं, ना वकील.

आणि ही गोष्ट त्या काळी कुणाला नवीन होती असंही नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, १९७२ मध्ये, आपल्या विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं, तेव्हा १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्यातून मोर्चे निघाले, देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८३ च्या अखेरीला बलात्काराचा कायदा बदलला. ताब्यात असलेल्या स्त्रीवरचा अत्याचार हा वेगळा, जास्त कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. शीलाताई तुरुंगात गेल्या तेव्हा ही सगळी चळवळ पेटलेलीच होती.

तर शीलाताईंनी काय केलं? सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. कोर्टाचा स्टॅम्प नाही, वकिलाचा काळा कोट नाही, पत्रच. आणि न्यायालयानं त्या पत्रालाच अर्ज मानलं. त्या काळात न्यायमूर्ती भगवती आणि कृष्ण अय्यर यांच्यासारखे न्यायाधीश पत्रावरूनही सुनावणी घ्यायचे. तिहार तुरुंगातल्या एका कैद्यानं दुसऱ्या कैद्याला झालेल्या छळाबद्दल लिहिलेलं पत्रही असंच त्यांनी ऐकलं होतं. आपल्याकडे ‘पोस्टकार्डावर न्याय’ म्हणायचे ते हेच.

न्यायालयानं आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडते. पोलिसांनाच विचारलं नाही की तुम्ही मारलं का. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. देसाई यांना सांगितलं की तुम्ही स्वतः तुरुंगात जा, त्या स्त्रियांशी एकटीनं बोला, शेजारी दुसरं कुणी उभं राहता कामा नये, आणि आम्हाला लिहून कळवा. बाईशी बाईनं बोलायचं, आणि ऐकायला तिसरं कुणी नको. आपल्याकडं हुंड्याच्या छळाच्या प्रकरणात सुनेला विचारायला जातात तेव्हा सासू दारात उभी असते, आणि मग "ती तर काहीच बोलली नाही" असा शेरा पडतो. कोण बोलेल?

निकाल लागला १५ फेब्रुवारी १९८३ ला. निकालाचा भर दोन गोष्टींवर होता. एक म्हणजे आतल्या माणसाला वकील मिळणं. चौकशीत निघालं होतं की दोन परदेशी कैद्यांना एका वकिलानं फसवलं, फीच्या नावाखाली त्यांचं सामान आणि दागिने गिळले. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, बाहेर जाता येत नाही, मग जो येईल तो आपला म्हणायचा. म्हणून न्यायालयानं ठरवून दिलं की, कोणत्या तुरुंगात कोण कच्चे कैदी आहेत त्याची यादी जिल्ह्याच्या विधी सहाय्य समितीकडं जायला हवी. स्त्री कैद्यांची यादी वेगळी. समितीचे वकील पंधरा दिवसांतून निदान एकदा तुरुंगात जातील. कोणत्या दिवशी वकील येणार ते आत पाटीवर लावायचं. आणि वकिलाशी बोलताना पहारेकऱ्याला दिसलं तर चालेल, ऐकू जाता कामा नये.

दुसरी गोष्ट कोठडीची. न्यायालयानं सांगितलं की मुंबईत चांगल्या वस्तीतल्या चार-पाच कोठड्या फक्त स्त्रियांसाठी ठेवायच्या, पहाऱ्यावर महिला पोलीस. स्त्रीला पुरुषांच्या कोठडीत घालायचं नाही. स्त्रीची चौकशी करताना महिला पोलीस हजर हवी. अटक केल्याबरोबर कशासाठी केली ते सांगायचं. तिच्याकडून नातेवाइकाचं किंवा मैत्रिणीचं नाव घेऊन त्यांना कळवायचं. विधी सहाय्य समितीलाही कळवायचं. मॅजिस्ट्रेटपुढं उभं केल्यावर त्यांनी स्वतःहून विचारायचं की कोठडीत तुला काही त्रास झाला का, आणि डॉक्टरी तपासणी करून घ्यायचा तुझा हक्क आहे हे सांगायचं. न्यायाधीशांनी, आणि जमेल तर स्त्री न्यायाधीशांनी, अचानक जाऊन कोठड्या बघायच्या.

आणि त्या निकालात एक साधीशी ओळ आहे. अटक झालेल्या माणसाचे हक्क काय, याचं एक पत्रक छापायचं. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी पत्रक प्रत्येक कोठडीत लावायचं. आणि अटक केलेल्या माणसाला, ठाण्यात आणल्याबरोबर, त्याला कळेल त्या भाषेत ते वाचून दाखवायचं.

वाचून दाखवायचं! नुसतं लावून भागणार नाही, हे न्यायालयाला कळलं होतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीत योजनांचा फलक असतो, रेशन दुकानात असतो, आरोग्य केंद्रात असतो. कित्येक वर्षं ज्या बाया त्याच्या समोरून गेल्या त्यांना तो रंगवलेला पत्राच वाटला. आपल्या गटात सचिव हिशेब मोठ्यानं वाचते तेव्हाच सगळ्यांना कळतं की व्याज किती झालं. कोठडीत बसलेल्या घाबरलेल्या बाईला भिंतीवरचं वाचायचं सुचेल, एवढा भाबडेपणा न्यायाधीशांनी ठेवला नाही. माझ्या मते त्या सगळ्या निकालातली ही सगळ्यात शहाणी ओळ आहे, आणि सगळ्यात कमी पाळली गेलेलीही तीच असावी.

शीलाताईंना मात्र हे सुखासुखी करू दिलं नाही. त्यांनी आत मुलाखती घेताना टेपरेकॉर्डर वापरायला सुरुवात केली, तेव्हा नुसत्या टिपणं घ्या असं सांगितलं गेलं, आणि पुढं परवानगीच काढून घेतली. त्यावरही त्या भांडल्या. १९८७ मध्ये न्यायालयानं म्हटलं की तुरुंगात काय चाललंय हे बाहेरच्यांना कळायला हवं, त्यामुळे योग्य ते नियम पाळून पत्रकाराला आत जाऊ द्यायला हवं. या मधल्या काळात त्यांनी देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या लहान मुलांसाठीही खटला लढवला. १९८६ साली न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगात जाऊन मुलं शोधायला सांगितलं. पुढं कलकत्त्याकडे ज्या मनोरुग्णांवर कसलाच गुन्हा नव्हता आणि तरी ते तुरुंगात होते, त्यांच्यासाठीही त्या लढल्या, आणि १९९३ मध्ये असं ठेवणंच बेकायदा ठरलं. एका बाईच्या चिकाटीनं इतकं घडलं. शाळेच्या पुस्तकात मात्र मला त्यांचं नाव कधी भेटलं नाही, बीएच्या राज्यशास्त्राच्या पेपरलाही नाही.

पत्र लिहिणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या लीगल एड सर्व्हिसेस या संस्थेचे बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या कापून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्याचा निकाल लागायला दहा वर्षं गेली, डिसेंबर १९९६ उजाडलं. पण आज अटक करताना पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद करायला हवा आणि त्यावर घरच्या किंवा गल्लीतल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, हे नियम त्या पत्रातून आले.

आणि नागपूर. १९९३ मध्ये तिथं पोलीस कोठडीत एक माणूस दगावला. ख्रिश्चन कम्युनिटी वेल्फेअर कौन्सिल या संस्थेनं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. खंडपीठानं सांगितलं की महिला पोलीस असल्याशिवाय कोणत्याही स्त्रीला अटक करायची नाही, आणि सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापर्यंत तर मुळीच नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, म्हणालं हे प्रत्यक्षात शक्य नाही. २००३ मध्ये न्यायालयानं नियम थोडा सैल केला. तरी मूळ गोष्ट टिकली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती थेट कायद्यातच लिहिली गेली. आज कायदा असा आहे की, अगदी अपवादाची वेळ असेल तरच रात्री स्त्रीला अटक करता येते, तीही महिला पोलीस अधिकाऱ्यानं, आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन. "रात्री बाईला नेत नाहीत" असं आपण गावात म्हणतो ना, ते कुठल्या तरी जुन्या रीतीतून आलेलं नाही. ते नागपूरच्या या भांडणातून आलं.

आईबरोबर आत राहणाऱ्या लेकरांचंही असंच. २००६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, पण ते कैदी नाही. त्याला वेगळा आहार, दूध, पाळणाघर, डॉक्टर हवं. आणि तुरुंगात असताना बाळ जन्मलं तर जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचं नाही. दाखला किती वर्षं पुरतो ते आपल्याला माहीत आहे. शाळेपासून लग्नापर्यंत तो कागद पोराच्या मागं असतो.

आता परत जामीनदाराकडं येते. १९७८ चा गवंडी आठवतोय? आमच्या एका गटातल्या मावशींचा मुलगा ऊसतोडीला लांबच्या जिल्ह्यात गेला होता. फडावर भांडण झालं, त्यात त्याला धरलं. पाचव्या दिवशी जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा. मावशींनी गावातून जामीनदार नेला, सातबारा नेला. तिथं सांगितलं, जामीनदार इथल्याच तालुक्यातला आणा. मावशींना त्या तालुक्यात ओळखत होतं कोण? मुकादम, आणि तो तर फोन उचलत नव्हता. पोरगा मंजूर जामिनावर आणखी एकोणीस दिवस आत राहिला. सर्वोच्च न्यायालयानं चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी जे चालणार नाही म्हटलं होतं, नेमकं तेच.

ही एकट्या मावशींची गोष्ट नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हे पुन्हा सांगावं लागलं. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात गेला पाहिजे. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि त्यांनी त्याच्यासाठी माणूस पाठवायचा. स्थानिक जामीनदाराची अट हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, ती अट घालू नये, असंही म्हटलं. ज्याच्यापाशी जामीनदार नाही त्याच्यासाठी जातमुचलक्याची मागणी करता येते. वकिलाला हा शब्द उच्चारून विचारा.

आणि जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी कायदा लागू झाला, त्यात असं आहे की पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. इतरांसाठी ही मुदत निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. यासाठी कोर्टाला अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवरच टाकलेली आहे. आधीपासून आत असलेल्यांनाही हे लागू आहे, असं ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

कायदा आहे, निकाल आहेत, पण कुणी तरी तुरुंगाच्या दारापर्यंत चालत जावं लागतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून हे काम करतोय. त्यांचे कार्यकर्ते तुरुंगात जातात, कुणाला वकील नाही, कुणाची तारीख चुकली, कुणाच्या घरी अटक झाल्याचंच माहीत नाही, हे बघतात. बाईच्या बाबतीत घरी कळवणं हेच सगळ्यात अवघड काम असतं. पुरुष आत गेला तर बायको डबा घेऊन भेटीला जाते. बाई आत गेली तर कितींच्या घरून कुणी जातं? गटांनी इथं काही करता येईल असं मला वाटतं. जामीनदार होणं प्रत्येकीला जमणार नाही, आणि गटाच्या पैशातून ते करूही नये. पण बाईचा पत्ता खरा आहे, ती याच गावची आहे, तिची लेकरं इथं आहेत, असं लिहून ग्रामसंघाच्या ठरावासह वकिलाकडं देणं जमण्यासारखं आहे. आरोपी पळून जाणार नाही हे कोर्टाला पटवायला अशा कागदांचा उपयोग होतो.

मोफत वकिलासाठी कुठं जायचं ते सांगून थांबते. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीलाही मिळतो. आणि जो कोठडीत किंवा तुरुंगात आहे त्याला, तो पुरुष असला तरी, मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे शांतपणे सांगा. फोन करायचा तर नंबर आहे १५१००. पाच आकडी आहे, पैसे पडत नाहीत. फोन लावायच्या आधी एका कागदावर एवढं लिहून ठेवा: आत असलेल्या माणसाचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, कोणत्या पोलीस ठाण्यानं अटक केली, अटकेची तारीख, आणि कळलं असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर. नंबर नसला तरी फोन करा, बाकीच्या माहितीवरून तो शोधता येतो. आणि जिनं फोन घेतला तिचं नाव विचारून तेही त्याच कागदावर, तारखेसकट लिहा.